व्हॅन विमलाभाभींनी चालवली होती

विमलाभाभी गेल्याचं मला सकाळी नीताच्या फोनवरून कळलं. नीता ही त्यांची मुलगी, पुण्याला असते. "मावशी, आई गेली... झोपेतच," एवढंच ती बोलू शकली. त्या दिवशी मी नुसती रडले. राग आला तो दुसऱ्या दिवशी, घरच्यांनी वर्तमानपत्रात दिलेली श्रद्धांजलीची जाहिरात वाचल्यावर. धर्मपरायण, सेवाभावी, पतिव्रता, सुगरण. चार शब्द, आणि चारही दुसऱ्यांच्या सोयीचे! जिला मी सत्तावीस वर्षं ओळखत होते ती बाई त्या चौकटीत कुठंच नव्हती. आता महिना होत आला, तरी माझा राग निवला नाही. म्हणून हे लिहितेय.

मी मूळची जाफराबादकडची. जालन्याच्या पोस्टात नोकरी लागली आणि तिथल्याच मस्तगड भागात भाभींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. खाली मोठं कुटुंब. भाभींचे यजमान किशनलालजी, धाकटे दीर गोपालजी, जाऊ, मुलं, आणि सासूबाई. भाभी त्यांना 'मांसा' म्हणत, बाकीचे 'मांजी'. दोघा भावांचं नवीन जालन्यात बियाण्यांचं दुकान. रविवारी संध्याकाळी पुरुषमंडळी बाहेर पडत, सासूबाई आडव्या होत आणि भाभी पापड लाटायला पाट घेऊन टीव्हीसमोर बसत. पहिल्यांदा मी डोकावले तेव्हा मला वाटलं मालिका चालू असेल. बघते तर मोटारींची शर्यत! सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून आवाज पूर्ण बंद, आणि भाभी लाटणं हातात तसंच धरून पुटपुटताहेत, "आता तिसरा गिअर... आता सोड, सोड ना बाबा..." मी विचारलं, "भाभी, आवाजाबिगर काय कळून राह्यलं तुम्हाला?" तर म्हणाल्या, "मला बराबर ऐकू येतो गं. तू बस."

त्यांच्या वडिलांचे ट्रक होते, हैदराबादच्या रस्त्यावर चालायचे. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पोरगी ट्रकच्या आवारातच वाढली. पंधराव्या वर्षी आवारात माल भरलेला टेम्पो मागं घेऊन दाखवायची आणि जुने ड्रायव्हर टाळ्या वाजवायचे. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि ते सगळं संपलं. सासरी तिला कुणी गाडी चालवायची बंदी घातली नव्हती, हेही सांगायला हवं. बंदी घालण्याइतका विचारही कुणाच्या मनात आला नाही! रद्दीत कधीमधी इंग्रजी मासिकं येत. त्यातली शर्यतींची पानं भाभी काढून ठेवत आणि नीताकडून वाचून घेत. जगातले सगळे जुने ड्रायव्हर त्यांना नात्यातले असावेत असे ठाऊक होते. ऑस्ट्रियाचा एक विजेता जळत्या गाडीत सापडला, मरणाच्या दारातून परतला आणि सहा आठवड्यांत, चेहऱ्याच्या जखमा ओल्या असताना, पुन्हा शर्यतीत उतरला. त्याच वर्षी शेवटच्या शर्यतीला जपानात धो धो पाऊस होता. दोन फेऱ्यांतच त्यानं स्वतःहून गाडी बाजूला घेतली आणि एका गुणानं अजिंक्यपद घालवलं. भाभींना त्याचं भारी कौतुक. "आगीतून आला ते सगळे सांगतात," त्या म्हणायच्या, "पण अख्खी दुनिया बघत असताना 'मी न्हाई चालवणार' म्हणाला ना, ते जास्त अवघड होतं."

असाच एक रविवार होता. घरातले सगळे परभणीला लग्नाला गेलेले. सासूबाईंना प्रवास झेपत नव्हता म्हणून भाभी मागं राहिलेल्या. दुपारी त्यांनी मला खालून हाक मारली. मी गेले तर सासूबाईंचं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. जवळच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, मेंदूचा झटका आहे, संभाजीनगरला न्या, बिलकुल वेळ घालवू नका. घरचे ड्रायव्हर बाबूमियाँ सुट्टीवर. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. अंगणात दुकानाची व्हॅन उभी होती. भाभींनी एकदा व्हॅनकडं पाहिलं, खिळ्यावरची चावी काढली आणि म्हणाल्या, "कुसुम, मांसांचं डोकं मांडीवर घे. हलू देऊ नको."

तीस वर्षांत त्या बाईनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी व्हॅन दोनदा बंद पडली. त्यानंतर एकदाही नाही. मी मागं बसून देवाचं नाव घेत होते, आणि भाभी मला सांगत होत्या, मला की स्वतःला कोण जाणे, "वळणात ब्रेक न्हाई मारायचा, वळणाच्या आधी मारायचा... म्हणजे मांसांना धक्का लागत न्हाई." कापसाचे ट्रक, ट्रॅक्टर, एसट्या... बदनापूर कधी मागं पडलं मला कळलंही नाही. पदर खांद्यावर आलेला, तोंडाला घाम, पण हात इतके शांत की मी देवाचं नाव सोडून त्यांच्या हातांकडंच बघत बसले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अर्धा तास उशीर झाला असता तर आशा नव्हती.

रात्री पुरुषमंडळी धावत आली. आई वाचली याचा आनंद झाला त्यांना, खोटं कशाला बोलू. पण "आणलं कुणी?" याचं उत्तर कळल्यावर गोपालजींचा चेहरा बदलला. "भाभीनं? हायवेवरून? बाजारात कुणी पाह्यलं का?" ही त्यांची पहिली काळजी! किशनलालजी खाली मान घालून उभे. चार दिवसांनी व्यापारी मंडळी भेटायला आली तेव्हा गोपालजी माझ्यादेखत म्हणाले, "देवाची कृपा. आमचा ड्रायव्हर वेळेवर मिळाला, त्यानं गाडी पळवली." मी तिथं चहा घेऊन उभी होते. मी काही बोलले नाही. त्यांच्या घरात भाडेकरू होते, नोकरी नवी, दुसरी खोली शोधणं नको वाटलं. कारणं पुष्कळ आहेत. लाज मात्र एकच आहे, आणि ती अजून गेलेली नाही.

सासूबाई घरी आल्यावर पूजा झाली आणि पूजेत बाबूमियाँना शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला. हो, त्या दिवशी घरी झोपलेल्या ड्रायव्हरचा सत्कार! तो भला माणूस. मालकापुढं बोलता येईना. संध्याकाळी मागच्या दारानं आला आणि शाल भाभींपुढं ठेवून म्हणाला, "भाभी, ये आपकी है. मेरेको हज़म नहीं होती." भाभींनी ती घडी घालून त्याच्या हातात परत दिली. "रख लो भाई, ठंड में काम आएगी." मला मात्र राहवेना. "भाभी, तुम्हाला राग न्हाई आला?" धान्य निवडता निवडता त्यांनी इटलीच्या एका बाईची गोष्ट सांगितली. ती बाई स्पेनमधल्या शर्यतीत सहावी होती. एक गाडी उडून लोकांत पडली, माणसं मेली, शर्यत मध्येच थांबवली. निम्मीच झाली म्हणून सगळ्यांना निम्मे गुण दिले. सहाव्या नंबरचा एक गुण असायचा, बाईला अर्धा मिळाला. जगज्जेतेपदाच्या हिशेबात गुण मिळवणारी ती एकटीच बाई. "अर्धा तर अर्धा," भाभी म्हणाल्या. "पण तिच्या नावावर लावला ना गं. ड्रायव्हरच्या नावावर न्हाई लावला."

त्या दिवसापासून व्हॅनची चावी खिळ्यावरून गोपालजींच्या खिशात गेली. सासूबाईंची वाचा काही महिन्यांनी परतली, आणि कुणी आलं की त्या तुटक तुटक सांगायच्या, "बींदणी... बींदणी लाई मन्नै." सुनेनं आणलं मला. गोपालजी हसून पाहुण्यांना म्हणायचे, "आजारानं भ्रम होतो." म्हणजे वाचलेल्या बाईची साक्षसुद्धा या घरानं वेड्यात काढली!

पुढं मी नवीन जालन्यात स्वतःचं घर घेतलं, पण रविवारी भाभींकडं जाणं सुटलं नाही. त्यांच्याकडं मोबाइल आला आणि जुन्या शर्यती त्यावर सापडायला लागल्या. एकदा त्यांनी हॉलंडमधली एक शर्यत दाखवली. एक गाडी उलटून पेटलेली, ड्रायव्हर आत अडकलेला. दुसरा एक ड्रायव्हर आपली गाडी सोडून धावत येतो, एकटाच ती गाडी सरळ करायला बघतो. मदतीला हात करतो, आणि बाकीच्या गाड्या त्याच्या बाजूनं सुसाट जात राहतात. आतला माणूस वाचला नाही. मला ठाऊक होतं की मी त्या जाणाऱ्या गाड्यांतली एक आहे.

भाभी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी घरी शोकाची बैठक होती. गोपालजी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "भाभींनी आयुष्यात उंबरा ओलांडून घराला कधी बट्टा लागू दिला न्हाई." पुढं मांजींच्या आजारपणाची आठवण काढली, भाभींनी त्यांची सेवा कशी केली ते सांगितलं... आणि इतक्या वर्षांनी, सवयीनं, पुन्हा ड्रायव्हरचं नाव घेतलं. मी उठून उभी राहिले. म्हणाले, "व्हॅन विमलाभाभींनी चालवली होती. मी मागं बसले होते. मांजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाबूमियाँ त्या दिवशी सुट्टीवर होते."

गोपालजी हळू आवाजात म्हणाले, "कुसुमताई, आता ते काढून काय फायदा?"

"फायदा न्हाई," मी म्हणाले. "पण खरं तेच आहे, आणि तुम्हाला ठाऊक आहे."

ते खाली बसले. बायकांच्या बाजूनं नीता उठली, सगळ्यांसमोर माझ्याजवळ आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नाला परभणीला गेलेल्यांत तीही होती, आणि आईनं नंतर कधी सांगितलं नाही. "मावशी, सगळं सांगा," म्हणाली. तिथंच, मंडळी उठून जात असताना, मी सांगितलं.

परवा नीता पुण्याला परत जायच्या आधी आम्ही दोघींनी भाभींचं कपाट आवरलं. साड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत ड्रायव्हिंग लायसन्स निघालं. मोटारीचं. कधी काढलं, परीक्षा कुणाच्या गाडीवर दिली, आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. नीतानं तारखा पाहिल्या. मुदत संपल्यावर त्यांनी स्वतः जाऊन ते वाढवून आणलं होतं, गेल्याच वर्षी. फोटोत पदर डोक्यावरून खाली आलाय, दोन्ही कान दिसताहेत, आणि भाभी सरळ समोर बघताहेत, रस्त्याकडं बघावं तशा. नीतानं ते पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, "अजून चार वर्षांची मुदत आहे, मावशी."