डाळीच्या पाण्यानं धुतलेले केस

चोरी मी आयुष्यात एकदाच केली, आणि तीही पाण्याची. गुंडभर, म्हणजे घागरभर, गोड पाणी चोरलं आणि त्यानं केस धुतले. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं लिहायला हात मोकळा. तेव्हा मी बावीस वर्षांची, मॅट्रिक पास आणि गल्लीतली सर्वांत हुशार बाई होते. यातलं वय आणि मॅट्रिक खरं, बाकी माझी समजूत.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्या सासरी, पिपरी मेघेत, तेव्हा नुकते प्लॉट पडून घरं उठत होती. गल्लीत नळ आला त्या दिवशी आम्ही बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि आठवड्याभरात त्याला शिव्या द्यायला लागलो. पाणी बोअरचं. दिसायला काचेसारखं, पण इतकं जड की साबणाला फेस येण्याऐवजी दह्यासारख्या गुठळ्या व्हायच्या. पातेल्यांना आतून पांढरा थर बसायचा, तो विळ्यानं खरवडला तरी निघत नसे. आणि तुरीची डाळ तर विचारूच नका. स्टोव्हला पंप मारून दंड भरून यायचे, घासलेट संपायचं, आणि झाकण उघडावं तर खाली दाणे, वर पाणी.

म्हणून आमचा सगळा जीव गल्लीच्या टोकाच्या शेतातल्या विहिरीवर. तिचं पाणी गोड, डाळ त्यात लोण्यासारखी शिजायची. शेताची मालकीण एक म्हातारी होती, तिला सगळ्याच 'माय' म्हणायच्या. तिनं रीत घालून दिली होती: सकाळी यायचं आणि घरटी एक गुंड न्यायचा, फक्त डाळीपुरता. आम्ही त्याला 'डाळीचं पाणी'च म्हणायचो. आंघोळ, धुणं, भांडी सगळं नळावर. उन्हाळ्यात झरा बारीक झाला की माय स्वतः काठावर बसायची आणि शेवटचा गुंड भरला की दोर गुंडाळून खुंटीला टांगायची.

मी रोहण्याची. माहेरी माझे केस गुडघ्यापर्यंत होते. बरं, कमरेपर्यंत, गुडघे मी नंतर लावले. वर्षभर त्या नळाच्या पाण्यानं त्यांचा काथ्या झाला होता. मे महिन्यात चुलतबहिणीचं लग्न निघालं आणि मला एकच घोर लागला. माहेरच्या बायका म्हणतील, "काऊन वं, सासरी तेल नाई भेटत का तुले?"

तर लग्नाच्या चार दिवस आधी, भर दुपारी, सगळी गल्ली दारं लावून झोपली असताना मी खुंटीवरचा दोर काढला, एक गुंड भरला आणि घरी येऊन शिकेकाईनं न्हाले. बोटं केसांतून सरळ खाली उतरली तेव्हा मी न्हाणीतच हसले. मूर्खच ती बावीस वर्षांची पोर. दोर पुन्हा नीट गुंडाळून टांगला होता, याचंच तिला केवढं कौतुक!

संध्याकाळी मायनं गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं. तिच्या हातात दोर होता.

"मे महिन्याच्या उन्हात दोर ओला कसा राह्यते, सांगा बरं मले?"

मायनं दोर सगळ्यांपुढून फिरवला.

"जिनं पाणी काढलं, तिनं सांगावं. तवरिक कोणालेच पाणी नाई."

मग एकीनं माझ्या शेजारणीकडं बोट केलं. "मी इले दुपारी तिकूनच येतानी पाह्यलं."

शेजारीण दवाखान्यातून येत होती. तिचे सासरे नुकते आजारातून उठले होते; डॉक्टरनं मऊ वरणभाताशिवाय काही द्यायचं नाही असं बजावलं होतं, आणि त्यांच्या तोंडात दात म्हणाल तर दोन. तिच्या हातात औषधाची बाटली होती म्हणे. पण ती पाहिली कोणी?

"तुमच्या बाजूलेच राह्यते नं थे? तुम्ही त पाह्यलं असन?" बोट करणारीनं मलाच विचारलं.

मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "मी झोपली होती, बाई."

शेजारणीनं माझ्याकडं पाहिलं आणि घराकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर माय दोर मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही रिकामे गुंड घेऊन परतलो. आमची भिंत एकच, तिकडचा स्टोव्ह सकाळपासून ऐकू येत होता. पंप, पुन्हा पंप. दुपारी ताट सरकवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ म्हाताऱ्याचा, "हे का डाळ व्हय? छर्रे व्हय हे!" मग खोकला. मग ती हलक्या आवाजात काहीतरी समजावत होती. त्या दिवशी आमच्याकडं मी पिठलं केलं. हुशार बाई ना!

संध्याकाळी गल्लीतल्या दोघी तिच्या दारावरून गेल्या, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत. "एकीच्या पायी साऱ्याइची डाळ बंद." तिनं दार लावून घेतलं. मी घरात डोक्यावर पदर घेऊन बसलेली, सासूबाईंनी विचारलं, "डोकं दुखते का वं?" मी हो म्हणाले. दुसरं खोटं.

रात्री म्हातारा न जेवता झोपला. परवा माझी एस.टी. होती. गुपचूप निघून गेले असते, तर चोरी तिच्याच नावावर राहिली असती आणि विहीर कधी उघडली असती कोण जाणे. मी पेटी भरली, पुन्हा उघडली, पुन्हा भरली.

सकाळी विहिरीवर गेले. सगळ्या होत्या, शेजारीणही होती, मागं, एकटी. मी डोक्यावरचा पदर खाली ओढला आणि वेणी पुढं घेतली.

"माय, पाणी मी काढलं. केस धुवाले."

"बापा! मोठी नटवी हाय वं ही!" मागून कोणीतरी म्हणालं. मायनं वेणी हातात घेतली, सोडली. उठली, दोर चाकावर चढवला आणि शेजारणीला म्हणाली, "ये, पह्यला गुंड तुह्या." मग माझ्याकडं मान वळवून, "उचल. हिच्या घरी तू नेऊन दे."

तो गुंड मी डोक्यावर घेतला. अर्ध्या वाटेत शेजारणीला मी म्हटलं, "ताई, माफ करा मले." ती थांबली आणि म्हणाली:

"मले त्याच दिवशी मालूम झालं होतं, वैनी. तुम्ही आंगणात केस वाळवून राह्यल्या होत्या अन् थे वाऱ्यावर उडून राह्यले होते. आपल्या गल्लीत कोणाचे केस उडते? पण मी सांगतलं असतं, त मानलं असतं का कोणी? आज तुम्ही तोंड उघडलं नसतं नं, त साऱ्याइच्या समोर तुमचा पदर मीच ओढला असता."