रांजणातले चॉकलेट

आमच्या स्वतःच्या रांजणावर मी तीन दिवस जप्ती आणली होती, आणि ती पूर्णतः कायद्याला धरून होती.

मुखेडच्या तहसीलीसमोर मी बावीस वर्षे अर्ज लिहितो. (शिक्षण आठवी, परंतु नव्या जिल्ह्याच्या मागणीचे सर्व अर्ज माझ्याच हातचे. जिल्हा अद्याप झाला नाही, हा दोष मजकुराचा नव्हे.) त्या दुष्काळी वर्षी टँकर आठ दिवसांनी येई, आणि त्याच आठवड्यात लातूरचे पाहुणे आमच्या सुजाताला पाहण्यास येणार होते. मुलाच्या मातोश्री निवृत्त मुख्याध्यापिका. त्या गोड खात नाहीत, खाल्लेच तर कडू काळे चॉकलेट, असे मध्यस्थाने कळवले.

मी तत्काळ नांदेडहून एक किलो मागवले. दुकानदार एवढ्या उन्हात पाठवायला तयार नव्हता. मी त्याला लेखी हमी दिली. पार्सल भर दुपारी एसटीच्या टपावरून आले. हातात घेतले तेव्हा वेष्टनात वड्या नव्हत्या, लापशी होती!

शेजारच्या गुरुजींच्या फ्रिजात ठेवा, असे पत्नीने सुचवले. परंतु दुसऱ्याच्या ताब्यात ऐवज देणे माझ्या व्यवसायात बसत नाही. आमच्या घरात गार जागा एकच, नुकताच टँकरवर भरलेला रांजण. मी लापशी तेलाच्या रिकाम्या डब्यात घातली, झाकणाच्या फटी लाखेने बुजवल्या, पाच ठिकाणी मोहोर उमटवली, डबा पाण्यात सोडला आणि रांजणावर कागद डकवला: 'अधोस्वाक्षरीकाराच्या परवानगीशिवाय झाकण उघडू नये.'

"अवो, मग प्यायचं काय?" पत्नीने विचारले.

"अर्ज कर."

तिने केला नाही. तरी तीन दिवस घरात पाणी मिळत राहिले. ती शेजारून मागून आणत असावी, असे मी गृहीत धरले.

पाहुणे आले. मी खाकरून, सर्वांसमक्ष मोहोरबंद ऐवज बाहेर काढण्यास झाकण उचलले, आणि तसाच उभा राहिलो. तेलकट पत्र्याला लाख धरलीच नव्हती! डबा आडवा, तोंड उघडे, माझ्या पाचही मोहोरा पाण्यावर तरंगत, आणि पाणी वरपासून तळापर्यंत तपकिरी.

मातोश्रींनी चॉकलेटचे नावही काढले नाही. "रांजणभर पाणी?" त्या हळूच म्हणाल्या. "लातुरात एवढ्यावरनं दोन गल्ल्या भांडल्या असत्या."

"आपल्यासाठीच केलं, बाई."

"म्हंजे ह्ये पाप माझ्या नावावर?" त्यांनी पिशवी उचलली. "चल रे, ऊठ."

मुलगा उठला. माझ्या डोळ्यांपुढे सुजाताचे लग्न रांजणात बुडत होते. तेवढ्यात ती तांब्या घेऊन आली. आत स्वच्छ पाणी.

"ह्ये कुठलं गं?" मातोश्रींनी विचारले.

"पलंगाखाली दोन घागरी हायेत," सुजाता म्हणाली. "बाबांनी लाख हातात घेतली की आम्ही आधी पाणी बाजूला काढून ठेवतो."

(त्या पलंगावर मी तीन रात्री झोपलो होतो!)

मातोश्री सावकाश पाणी प्याल्या आणि परत बसल्या. "पोरगी लातुरात निभंल. पसंत हाय. पण लग्नात व्याह्यांनी पाण्याजवळ फिरकायचं न्हाई. तसं लिहून द्या."

मी सुवाच्य अक्षरात लिहून दिले. मोहोरेसाठी लाखेची डबी काढली, तर तिच्यावर पत्नीच्या हस्ताक्षरातला कागद डकवलेला: 'अर्ज करा.'