तीन वेळा नको

न्यू जर्सीतल्या त्या स्टेशनातल्या बारची मला आजही किळस येते. सकाळचे अकरा वाजलेले, काउंटर चिकट, कालच्या तळणाचा आणि ओल्या फडक्याचा वास. टाय बांधलेली माणसं गाडीच्या वेळेवर एक डोळा ठेवून बिअर ढोसत होती. बसायला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून आत गेलो, असं मी बरेच दिवस सांगत होतो. थाप आहे ती. मला प्यायची होती आणि एकट्याने प्यायची लाज वाटत होती.

बरोबर माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र होता, माझ्यासारखाच रिटायर्ड इंजिनिअर. तो बाल्टिमोरला मुलीकडे निघाला होता. त्याच्या पिण्यापायी दीड वर्ष तिने त्याला दारात उभं केलं नव्हतं. मधल्या काळात नातू झाला, तोही त्याने फोटोतच पाहिला. आता आठ महिने थेंबाला शिवला नव्हता, म्हणून तिने बोलावलं होतं. अट एकच, पिऊन यायचं नाही. हे सगळं त्याने मला स्टेशनवर येताना कारमध्ये सांगितलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

मी दोन व्हिस्की मागवल्या. तो म्हणाला, नको. आता आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कोण विचारतं? पाहुण्याने नको म्हणायचं आणि यजमानाने वाढायचं, मग जिलबी असो की व्हिस्की. पंगतीत ताटावर आडवा हात धरला तर बोटांवरून मठ्ठा ओतणारी माणसं आपण. तो पुन्हा म्हणाला, नको रे. मी म्हटलं, लाजतोस काय. तिसऱ्यांदा त्याने ग्लासवर पंजाच ठेवला. मी तो हसत हसत बाजूला केला.

“अरे, एकाने काय होतंय यार? ट्रेनला अजून फॉर्टी मिनिट्स आहेत.”

त्याने घेतली. माझी अर्धी व्हायच्या आत दुसरी त्याने स्वतःच मागवली, मग तिसरी. चेहरा सैल पडला, ओठाच्या कोपऱ्यात लाळ जमली. मला त्याची शिसारी आली. बघा माणूस किती हलकट असतो! पाजली मी, आणि शिसारीही मलाच. गाडीत बसवताना वास जावा म्हणून पुदिन्याच्या गोळ्याही मीच त्याच्या हातात कोंबल्या.

बाल्टिमोरला मुलगी बाळाला घेऊन स्टेशनवर आली होती. तिने बापाला मिठी मारली आणि लगेच मागे सरली. बाळाला घेऊन सरळ पार्किंगकडे गेली. तो पुढच्या गाडीने परत आला.

दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर हे सांगितलं. तो शिव्या घालेल म्हणून मी आधीच बचावाला उभा राहिलो. म्हटलं, तू मला स्पष्ट सांगायचंस ना.

“सांगितलं की. पण तू एवढ्या प्रेमाने आग्रह केलास, मोडवेना.”

प्रेम कसलं डोंबलाचं. मला प्यायला सोबत हवी होती. हे त्याला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. नातू आता शाळेत जातो, आणि त्याचा आजोबा अजूनही माझ्या प्रेमाचे गोडवे गातो.