पुन्हा पुन्हा आत जाणारी मुलगी

नांदेडला संगणकशास्त्राचे शिक्षण संपवून मी लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये नोकरी धरली, तेव्हा भूकंपाला बरीच वर्षे उलटली होती. इमारती पुन्हा मजल्यांवर मजले चढवत होत्या आणि प्रत्येक मजल्यावर डॉक्टर होऊ पाहणारी मुले बसत होती. माझ्याकडे हजेरीची यंत्रणा होती. विद्यार्थ्याने इमारतीच्या दारातल्या यंत्रावर कार्ड टेकवले, की तिथला जावा प्रोग्रॅम त्याच्या हॉलच्या क्रमांकासह सर्व्हरकडे विनंती पाठवी. सर्व्हर हजेरी नोंदवी, पालकांना मेसेज धाडी, लॉग फाइलमध्ये, म्हणजे स्वतःच्या रोजनिशीत, एक ओळ लिही आणि मगच दाराला ‘मिळाले’ असे उत्तर देई. हा क्रम माझ्या आधीच्या माणसाने लावलेला होता.

एका दुपारी जमीन हलली. क्षणभरच. बाकांवरच्या बाटल्या किणकिणल्या आणि सगळी मुले अनवाणीच जिन्यावरून खाली आली. क्लास चालवणाऱ्या सरांनी अंगणात मोजणी सुरू केली.

“सर, उद्याचा पेपर पुढं ढकलला का?” मागून एकाने विचारले.

“तू आधी रांगेत ये. पेपर व्हणारच हाय.”

मोजणीत एक मुलगी कमी भरली, अकरावीची, रेणापूरकडची. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला.

“मॅडम, सारखा मेसेज येऊन राहिलाय. पोरगी हॉल चारमध्ये गेली म्हणून. आता बोलताना बी आला बघा.”

हॉल चार सर्वांत वर होता. खिडकीतून फिरता पंखा दिसत होता. जिन्याला ताजी भेग गेली होती.

“मी वर जाऊन बघतो,” शिपाई मामा म्हणाले.

“जिना बघितला का मामा?” सर माझ्याकडे वळले. “मॅडम, नक्की सांगा. पोरगी आत हाय का न्हाई?”

सर्व्हर दुसऱ्या इमारतीत होता. मी स्कूटीच्या सीटवर लॅपटॉप उघडला. हजेरीच्या तक्त्यात दर मिनिटाला एक नवी ओळ उगवत होती: तोच क्रमांक, तोच हॉल, आत. लॉग फाइल मात्र त्याच क्रमांकाच्या मध्यावर तुटली होती, लिहिणाऱ्याचा हात कोणी धरावा तशी. मी इमारतीच्या दाराकडे पाहिले. यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. समोर कोणी नव्हते. ती मुलगी खाली न येताच पुन्हा पुन्हा वर जात आहे, असे मला क्षणभर खरोखर वाटले.

मग मी सर्व्हरवरची, फक्त लॉगसाठी ठेवलेली डिस्क तपासली. लॉग फाइल फुगून डिस्क काठोकाठ भरली होती. हजेरी नोंदली जाई, मेसेज जाई, पण ओळ लिहिताना प्रोग्रॅम अडखळे आणि दाराला उत्तरच मिळत नसे. म्हणून दार तीच विनंती पुन्हा पाठवी. विनंतीच्या पोटात दाराने घातलेली मूळ वेळ प्रत्येक खेपेला एकच होती, धक्क्याच्या जरा आधीची. ती एकदाच आत गेली होती. बाहेर आली की नाही, हे मात्र कुठेच नव्हते. पळताना कार्ड कोणीच टेकवले नव्हते. यंत्रणेच्या लेखी अंगणातली सगळीच मुले अजून वर बसलेली होती.

मी जुन्या लॉग फाइली पुसून जागा केली. दाराला उत्तर गेले आणि ओळी थांबल्या.

“मॅडम,” फोनवरचा आवाज बारीक झाला, “मेसेज बंद झाले. आता काय समजायचं?”

मी यंत्रातली चूक समजावली. ती आत आहे की नाही हे मला सांगता येत नाही, हेही सांगितले. त्यांनी उलट विचारले,

“तुम्ही सगळे थांबले कुठं?”

“अंगणात, इमारतीसमोर.”

“मग ती तिथं कशाला थांबंल? आमच्या लेकरांना शिकवलंय. हललं की उघड्यावर जायचं, भिंत पडली तरी पोचणार न्हाई इतकं लांब. अन् घरचं माणूस येईस्तोवर उठायचं न्हाई. मैदान हाय का जवळ?”

मैदान रस्त्यापलीकडे होते. मी तिकडे धावले. मैदानाच्या मधोमध ती अनवाणी बसली होती, गळ्यात कार्ड. मी आधी सरांना फोन करून मामांना खालीच थांबवायला सांगितले, मग वडिलांचा फोन तिच्या कानाला लावला. तिने ऐकून घेतले, पण उठली नाही.

“फोनवरचं चालत न्हाई, मॅडम. माणूस दिसाय पायजे. तुम्ही बी बसा.”

वडील रेणापूरहून मोटारसायकलवर निघाले होते. तिने तळहात जमिनीवर उपडा ठेवला होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी शेजारी बसले आणि माझाही ठेवला.