निळ्या बॅगेवरचा लाल टॅग

हे लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. रिटायर झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात कंपनीतले बरेच किस्से सांगितले, लोक हसले. हा सांगितला नाही. बायकोला एवढंच माहीत आहे, की एका ऑडिटच्या दिवशी एका कामगार बाईला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यात खोटं काही नाही. पण जे सांगायचं ते त्यात नाही.

ऑडिटच्या आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी चार नंबर लाइनवरच्या एका टेबलाखाली वाकून एक निळी बॅग ओढत होतो. चेन अर्धी तुटलेली, वर सुतळी बांधलेली.

आमची कंपनी चाकणला गाड्यांचं वायर हार्नेस बनवायची. गाडीतल्या सगळ्या वायरी एकत्र बांधून जी जुडी होते, ते हार्नेस. काम बोटांचं, म्हणून लाइनवर बहुतेक बायका. मी प्रॉडक्शनला होतो आणि शिवाय फाइव्ह एसचा कोऑर्डिनेटर. फाइव्ह एस ही जपानी पद्धत. कामाच्या जागी फक्त कामाच्याच वस्तू, त्याही ठरलेल्या ठिकाणी. जी वस्तू लागत नाही तिला लाल टॅग बांधायचा, त्यावर नाव आणि शेरा लिहून सही करायची आणि स्टोअरमागच्या जाळीच्या पिंजऱ्यात कुलपात ठेवायची. किल्ली माझ्या खिशात असे. मला या कामाचा अभिमान होता. माझ्या लाइनवर खाली पडलेला वायरचा तुकडा दाखवा, असं मी पैजेवर सांगायचो.

बॅग वर्षाची होती. जिंतूरकडची, ठेकेदाराकडून आलेली. आठवा महिना चालू होता. तिला बसून करायचं टेस्टिंगचं काम दिलं होतं. नवरा नव्या गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर ड्रायव्हर, त्या आठवड्यात गुजरातकडे गेलेला. आई गावाहून यायची होती. खोलीला कुलूप. वेळ आलीच तर बॅग आणून द्यायला कोणी नाही, म्हणून ती रोज बॅग घेऊनच कामावर यायची. लॉकरमध्ये ती मावत नव्हती.

मी सुतळी सोडून पाहिलं. जुन्या साडीची चौकोनी फडकी, कुणाच्या तरी पोराची वापरलेली झबली, धुऊन विटलेलं टोपडं, एक दुपटं. बाळ येण्याआधी नवं काही घ्यायचं नाही, धडधाकट मुलाचे जुने कपडे मागून आणायचे, ही आपल्याकडची रीत. माझ्या आईनेही माझ्या मुलांसाठी हेच केलं होतं. तेव्हा ते काय आहे हे मला कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही.

वर्षा स्टुलावरून उठून उभी राहिली. म्हणाली, "साहेब, त्याच्यात माझी फाइल आहे. डॉक्टरनी जवळच ठेवायला सांगितलीय. वार खाली आहे माझी."

मी म्हणालो, "उद्याचं ऑडिट झालं की घेऊन जा."

"मग निदान फाइल तरी काढून घेते."

टॅग बांधून झाला होता. टॅग लागलेल्या वस्तूतून काही काढायचं असेल तर वेगळा फॉर्म भरावा लागे. मी म्हणालो, "एका दिवसाने काही होत नाही." आणि टॅगवर लिहिलं: वस्तू, जुने कापड. गरज, नाही. खाली सही.

शोभाताई, लाइन लीडर, शेजारीच उभ्या होत्या. त्या कडूसकडच्या, बोलायला तिखट. एवढंच म्हणाल्या, "कापड न्या साहेब, कागूद तरी राहू द्या." मी पुढच्या टेबलाकडे गेलो.

शिफ्ट सुटल्यावर वर्षा माझ्या केबिनपाशी आली होती. मी ऑडिटच्या तयारीच्या मीटिंगमध्ये होतो. बाहेर निरोप पाठवला, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तिला रक्तस्राव सुरू झाला. मी कॉन्फरन्स रूममध्ये ऑडिटरना फाइव्ह एसचेच फोटो दाखवत होतो. फोन सायलेंटवर. शोभाताईंनी ऑफिसमधून सहा वेळा फोन केला, मग स्वतः वर आल्या. दरवाज्यावरच्या माणसाने त्यांना थांबवलं, ऑडिट चालू आहे म्हणाला. पिंजऱ्याची किल्ली आत माझ्या खिशात होती. शेवटी त्यांनी कंपनीची गाडी काढायला लावली आणि बॅगेशिवाय वर्षाला घेऊन निघाल्या.

वार खाली असणं म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. बाळाला रक्त पुरवणारी वार गर्भाशयाच्या तोंडावर बसलेली असते. अशा बाईची आतून तपासणी करायची नसते. केली तर रक्तस्राव वाढतो. तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर डॉक्टरने हे मोठ्या अक्षरांत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. रक्तगटही लिहिला होता. ओ निगेटिव्ह. सहज न मिळणारा.

वाटेतल्या छोट्या दवाखान्यात फाइल मागितली. वर्षा तोवर शुद्धीत राहिली नव्हती. शोभाताईंना फाइल आहे एवढंच माहीत होतं, वार खाली म्हणजे काय किंवा आत काय लिहिलंय ते नाही. तिथे तपासणी झाली. मग धावपळ करून तिला पिंपरीला मोठ्या दवाखान्यात हलवलं. रक्तगट पुन्हा तपासणं, रक्त शोधणं, यात आणखी वेळ गेला.

वर्षा वाचली. मुलगी झाली होती. ती दोन दिवस होती.

ऑडिटमध्ये आम्हाला शंभरपैकी ब्याण्णव मिळाले.

आठवड्याने प्लांट हेडने मला बोलावलं. म्हणाले, "रिपोर्ट द्यावा लागेल. बॅगेत मेडिकल पेपर आहेत, हे तिने तुम्हाला सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "कपडे दिसले होते, सर."

ते म्हणाले, "मग तसं लिहा."

मी लिहिलं: सदर कामगाराने बॅगेत वैद्यकीय कागदपत्रे असल्याची पूर्वकल्पना दिली नव्हती. त्याच वाक्यावर बोट ठेवून ठेकेदाराने तिला पुन्हा कामावर घेतलं नाही. नियम मोडून सामान लाइनवर आणलं, सांगितलंही नाही, असं तिच्या नावावर लागलं. शोभाताईंना कोणी काही विचारलं नाही. मीच विचारू दिलं नाही. साक्षीदार म्हणून रकान्यात नाव घालायचं होतं, तिथे मी 'निरंक' लिहिलं.

बॅग परत द्यायला मी स्वतः गेलो. खरं काय ते सांगायचं, असं मनात ठरवून गेलो होतो. चाकणची एका खोलीची जागा. नवरा दाराशी उभा राहिला, आईने चहा टाकला. वर्षा भिंतीला टेकून बसली होती. मी म्हणालो, "कंपनीतून आलोय. सामान द्यायचं होतं."

तिची आई म्हणाली, "स्वतः आलात साहेब, उपकार झाले."

वर्षाने बॅग जवळ ओढली. तेव्हा मला दिसलं, की टॅग तसाच आहे. तो काढायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने तो वाचला. मग सावकाश गाठ सोडली, टॅग माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "हे कंपनीचं असेल."

मी घेतला. चहा प्यालो. आलो.

पुढच्या वर्षी मी टॅगच्या छपाईत एक बदल सुचवला. टॅग बांधणाऱ्याच्या सहीखाली, ज्याची वस्तू आहे त्याच्याही सहीची जागा. त्याने सही केल्याशिवाय वस्तू हलवायची नाही. मॅनेजमेंटला आवडला. मला सर्टिफिकेट मिळालं, टाळ्या झाल्या. ही सुधारणा कशी सुचली, असं कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, अनुभवातून. या सगळ्यातून शिकण्यासारखं एवढंच, की वस्तूची गरज आहे की नाही हे तिच्या मालकाला विचारायचं असतं. त्याला जपानी पद्धत लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी राजगुरुनगरला एका लग्नात शोभाताई भेटल्या. वर्षा गावीच असते म्हणाल्या, एक मुलगा आहे, शाळेत जातो. मी न विचारताच त्यांनी नंबर दिला. "लावा की फोन. खाती व्हय ती तुमाला?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी तिथंच व्हते, साहेब. समदं ऐकलं व्हतं मी."

नंबर मी त्या टॅगच्या मागे लिहून ठेवलाय. टॅग कपाटात आहे. ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये दुपारी कोणी नसतं, तेव्हा काढतो. चार-पाच आकडे दाबून होतात. काय बोलायचं ते पाठ आहे.

वर्षा, तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं. रिपोर्टमध्ये मी खोटं लिहिलं.