आधी अंगावर, मग बाटली

माझ्या थोरल्या मुलीच्या कपाळाला सुनेचं कुंकू लागलं तेव्हा तिची नाळही पडली नव्हती. लावलं माझ्या नणंदेनं. तीही त्याच घरात बाळंतीण होती, तिचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा महिनाभरानं मोठा. एका छपराखालच्या दोन बाळंतिणींनी जवळ बसू नये असं म्हणत, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. सासूबाईंनी पोरीला तिच्यापुढे धरलं. तिनं कपाळावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "हे माही सून." आत्याच्या मुलानं मामाची मुलगी करायची हा आमच्याकडचा रिवाज, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. मी तापानं फणफणले होते. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण मला आई नव्हती, म्हणून माझं सासरीच, रिठदला झालं. सासूबाईंनी लेकीत आणि सुनेत खाण्यापिण्याचा भेद केला नाही, हे मी आजही कबूल करते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खसखस, सगळं दोघींना सारखं. फरक इतकाच की तिला दूध आवरत नव्हतं आणि मला पुरत नव्हतं. ताप उतरला तरी दूध काही वाढलं नाही. पोरगी दोन्हीकडे ओढून पाहायची आणि मग तोंड सोडून रडायची. गाईचं दूध पाणी घालून दिलं, ते तिनं ओकलं. शेळीचं दिलं, त्यानं पोट गेलं. तिच्या मांड्यांची कातडी सैल पडायला लागली. ती जगत नाही असं मला वाटत होतं आणि घरात तसं कोणी बोलून दाखवत नव्हतं, त्याचाच मला जास्त राग यायचा.

सासूबाईंनी सरळ उपाय काढला. लेकीला म्हणाल्या, "तुहं वाया जाऊन राह्यलं. घे इले अंगावर."

नणंदेनं पोरीला मांडीवर घेतलं, पदराला हात घातला आणि थांबली.

"नाई वो माय. मी पाजलं तं दोघं दूधबहीणभाऊ होतीन. मंग लगन कसं लागन?"

हे सासूबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. एका अंगावर प्यालेली पोरं म्हणजे बहीणभाऊ, मग ती कोणाच्या का पोटची असेनात. त्यांचं लग्न आमच्याकडे लागत नाही. त्यांनी मान हलवली आणि पोरगी परत माझ्या कुशीत आणून ठेवली. घरातल्या कोणालाही यात काही चुकलं असं वाटलं नाही. मला वाटलं, पण बाळंतिणीच्या वाटण्याला कोण विचारतं!

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं दमणीला बैल जुंपले आणि आम्हाला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईनं पोरीला उलटंसुलटं करून पाहिलं आणि डब्याचं दूध लिहून दिलं. वर मला दम भरला, "अंगावरचं सोडायचं नाही. आधी अंगावर, मग बाटली. आधी बाटली दिलीस तर तुझं आहे तेही आटेल. आणि एकदा बाटलीची चटक लागली की पोर मग कोणाच्याच अंगाला तोंड लावत नाही, नीट ऐक." मी नीट ऐकलं. घरी येऊन सगळ्यांना शब्दाला शब्द सांगितलंही. नणंद तेव्हा दाराशी बसून ऐकत होती.

डब्यावर एका गुबगुबीत पोराचं चित्र होतं. सासऱ्यांनी तो डबा हातात फिरवून, हे कोणाचं पोर, म्हणून विचारलं. सासूबाईंना वेगळीच शंका. "कोन्या जनावराचं दूध हाय हे?"

"गाईचंच," नवरा म्हणाला.

"गाईचं तं तिले पचलं नाई."

सासूबाईंचा त्या भुकटीवर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही, पण बाटली उकळायचं काम मात्र त्यांनी माझ्यावर कधी सोडलं नाही. होडीच्या आकाराची काचेची बाटली, दोन्ही टोकांना तोंडं, एका तोंडाला रबरी बोंडी. चुलीवर उकळत्या पाण्याच्या गंजात ती खडखडायला लागली की पोरगी रडायची थांबून ऐकायची. मग आधी माझ्याकडे, डावीकडे, उजवीकडे, तिथलं संपलं की बाटली. त्या दिवसांत मी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही. पण पोरगी अंग धरू लागली. मांड्यांना पुन्हा वळ्या पडल्या आणि मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

परसात लिंबाचं झाड होतं, कागदी लिंबाचं. नणंदेची छाती तटतटली की ती वाटीत दूध पिळायची आणि त्या झाडाच्या बुडाशी ओतून वरून माती लोटायची, कारण ते मुंग्यांनी खाल्लं तर दूध आटतं असा समज. माझ्या बाजेवरून ते झाड समोर दिसायचं. इकडे मी भुकटी कालवते आहे आणि तिकडे ती झाडाला दूध घालते आहे! तेव्हा ती बाई मला डोळ्यासमोर नको झाली होती.

सव्वा महिना झाल्यावर आम्ही दोघी एकत्र बसायला लागलो आणि माझा राग टिकेनासा झाला. ती जेवायची ते भिंतीकडे तोंड करून, भराभर, कोणी ताट ओढून घेईल अशी. तिचं सासर कामरगावचं. घर खाऊनपिऊन सुखी, माणसं पुष्कळ. तिच्या अंगाला तेल लावताना मला दंडाच्या मागच्या बाजूला तापल्या चिमट्याचे डाग दिसले. विचारलं तर म्हणाली, "चुलीचं काम हाय, लागतंच." दंडाच्या मागं चूल लागत नाही, एवढं मला कळत होतं. सासूबाईंनाही कळत असणार. त्या तेलाची वाटी ठेवून उठून गेल्या.

एकदा ती आपणहून बोलली. "तिथं माह्याशी बोलाले कोनी नाई, वयनी. तुही पोरगी आली म्हंजे माहेरचं एक मानूस राहीन घरात."

मला तिची दया आली. पण माझी पोरगी तिला सोबत म्हणून त्या घरात जाणार होती. नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, लग्नाला अजून जन्म पडला आहे. पण थोड्याच दिवसांत कामरगावहून पोरीसाठी चांदीचे वाळे आले. सासऱ्यांनी ते ठेवून घेतले, आणणाऱ्या माणसाला जेवू घातलं, म्हणजे शब्द पक्का झाला. नणंदेनं स्वतःच्या हातानं ते वाळे पोरीच्या पायात घातले आणि बराच वेळ पाय हातात धरून बसली. मग मला म्हणाली, "घेतलं का आज इनं अंगावर?"

पोरगी तेव्हा चांगली बाळसं धरून होती. सासूबाई म्हणत होत्या की आता अंगावरचं तोड, डब्यावर राहू दे, म्हणजे तुला शेतात यायला होईल. माझ्याकडे तरी असं कितीसं उरलं होतं! मीही कंटाळले होते. पण नणंद ऐकेना. रोज सकाळी तिचं एकच, "घेतलं का आज अंगावर? सोडू नको देऊ." स्वतःचं झाडाला घालते आणि माझ्यावर पहारा ठेवते, असं मनात यायचं.

एकदा मी बोललेच, "तुमाले काय करायचं, अक्का?"

"राहू दे ना. सवय राहू दे तिची."

मी चालू ठेवलं. अर्धं नर्सबाईच्या धाकानं, अर्धं हिच्या कटकटीला वैतागून.

कामरगावहून बोलावणं येत होतं आणि नणंद काही ना काही निमित्त काढून दिवस ढकलत होती. शेवटी तिची सासू स्वतःच गाडी घेऊन आली. ओसरीवर बसली, गूळपाणी घेतलं, नातवाला पाहिलं आणि म्हणाली, "सून आना पाहू आमची." मी पोरीला पाजतच होते. माझं संपलं होतं, बाटली बाजूला तयार होती. तशीच उठून मी तिला बाहेर घेऊन आले.

सासूबाईंच्या या विहिणीनं तिची हनुवटी धरून तोंड इकडे तिकडे फिरवलं. "धडधाकट हाय. सात-आठ वर्साची झाली की नेतो आमी. लहानपनीच हाताखाली आली म्हंजे वळन लागते. मोठ्या सुना आयकत नाईत." असं म्हणून ती माझ्या नणंदेकडे बघून हसली. माझ्या सासूबाईही हसल्या. विहिणीपुढे आणखी काय करणार!

नणंद गाठोडं बांधत होती. ते तिनं खाली ठेवलं, येऊन माझ्या हातून पोरीला घेतलं आणि सगळ्यांसमोर ओसरीच्या मधोमध मांडी घालून बसली. पदराआड पोरीला अंगावर लावलं. पोरीनं एकदा वर त्या तोंडाकडे पाहिलं आणि ओढायला लागली. सवय होती तिला. तिच्या घोटांचा आवाज मला ऐकू येत होता. माझ्याकडे तिनं असे घोट कधी घेतले नव्हते.

"काय करून राह्यली वं?" विहीण ओरडली.

"भूक लागली तिले."

"अवं, सून हाय ना ते तुही!"

"होती," नणंद म्हणाली. "आता लेक झाली."

मग विहीण पुढे झाली, वाकली, आणि पोरगी पीत असतानाच तिच्या पायांतले वाळे ओढून काढले. एक घोट्याशी अडकला, तोही तिनं जोर लावून काढला. पोरीनं तोंड सोडलं नाही. सासूबाई उठल्या, माझ्याजवळची बाटली घेतली आणि परसात जाऊन लिंबाच्या बुडाशी ओतून आल्या.

नणंद त्याच दिवशी गेली. गाडीत बसताना तिच्या सासूनं तिला हात दिला नाही.

पुढे कित्येक दिवाळ्या तिला माहेरी पाठवलं नाही. दर भाऊबीजेला माझा नवरा दमणी घेऊन कामरगावला जायचा आणि रिकामी दमणी घेऊन परत यायचा. माझी मुलगी शिकली, वेगळ्या गावी, बऱ्या घरात पडली. तिच्या त्या दूधभावाला मिशी फुटल्यावर तो आपला आपण मोटारीनं आमच्याकडे ओवाळून घ्यायला यायला लागला. आई कशी आहे म्हणून विचारलं की तो खाली बघायचा.

बरीच वर्षं मी अशी समजूत करून घेतली होती की सासूचं बोलणं ऐकून तिचा तोल गेला, पुढचं काही तिच्या ध्यानात आलं नसेल. पण तसं नव्हतं. बाटलीच्या चटकेचं नर्सबाईचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. वाळे आले त्या दिवसापासून ती मला रोज विचारत होती, घेतलं का आज अंगावर. आणि मी रोज चिडून हो म्हणत होते.