नऊवारीची टिचबटणं

विमानतळाच्या काचेच्या दाराशी आईने माझ्या ओढणीला पिन लावली. ओढणी काही पडत नव्हती, पण आईचा हात कधी रिकामा राहत नाही. तिच्या डाव्या हातातल्या बांगड्यांना नेहमी चार-पाच सेफ्टी पिना लटकलेल्या असतात. त्यातली एक तिने माझ्या खांद्यावर टोचली आणि उरलेल्या माझ्या पर्समध्ये टाकल्या. "परक्या मुलखात कुठे काय निसटेल सांगता येत नाही," ती म्हणाली. बाबा बॅगेचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघत होते. शेजाऱ्यांच्या सुमोतून सातजण मला सोडायला चिंचवडहून आले होते, आणि मावशी सगळ्यांच्या वतीने रडत होती. आई रडली नाही. मी आत गेल्यावर काचेपलीकडून तिने स्वतःच्या खांद्याला हात लावून दाखवला, पिन आहे ना म्हणून.

हे २००१ सालचं. तुमच्यापैकी काहीजण त्याच सुमारास, तसाच वर्क परमिट घेऊन इकडे आलात. जे तिकडेच राहिलात, त्यांनी आमच्या आयांची ती काचेपलीकडची तोंडं आमच्यापेक्षा जास्त वेळ पाहिली असतील. दोघांसाठीही हे लिहिते आहे, कारण माझ्याबद्दल तुम्ही जे ऐकलं आहे ते बहुतेक खरं आहे, फक्त अर्धं आहे.

आईबद्दल आधी सांगायला हवं. आमच्या कॉलनीत कोणाचंही लग्न ठरलं की नवरीला नऊवारी नेसवायला आईला बोलावणं यायचं. भटजींना उशीर झाला तर चालायचा, तिला नाही. तिने नेसवलेली नऊवारी पंगत उठेपर्यंत जागची हलली नाही, हा तिचा आयुष्यभराचा अभिमान. मला मात्र ती शाळेच्या गॅदरिंगपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत एकच प्रश्न विचारत आली: "पिन लावलीस का?"

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सला मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. एका विमा कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या. गाव आखीव, रस्त्यांना नावांऐवजी अक्षरं आणि आकडे, दर अर्ध्या मैलाला राउंडअबाउट. मला गाडी येत नव्हती, म्हणून मी लाल डांबराच्या पायवाटेने, ज्याला तिथे रेडवे म्हणतात, चालत ऑफिसला जायची. चार वर्षांत त्या वाटेवर माझ्याशी सर्वात जास्त कोण बोललं असेल तर कुत्री फिरवणारे लोक, तेही कुत्र्यांशी. तक्रार नाही. नोकरी चांगली होती, माणसं सभ्य होती. फक्त संध्याकाळी कधीकधी वाटायचं की आज दिवसभरात आपण नसतो तरी चाललं असतं.

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं. इकडे लग्नाआधी नवरीला मैत्रिणी कुठेतरी मजा करायला नेतात, त्याला हेन डू म्हणतात. आम्ही बारा जणी ब्लेचलीतल्या एका जुन्या कामगार क्लबाच्या हॉलमध्ये गेलो, बर्लेस्कचा दोन तासांचा वर्ग करायला. म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर, थट्टामस्करी करत, प्रेक्षकांना ताटकळत ठेवत एकेक कपडा उतरवायची इकडची जुनी रंगमंचावरची कला. मी कोपऱ्यातली खुर्ची आधीच पाहून ठेवली होती.

शिकवायला आली ती डोरीन. त्रेसष्ट वर्षांची. शाळेत मुलांना जेवण वाढायची नोकरी करून निवृत्त झालेली. पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा. तिने कोपरापर्यंतचा काळा हातमोजा घातला आणि म्हणाली, आधी नुसतं बघा. मग गाणं लावलं आणि तो मोजा काढायला तिने अख्खं गाणं घेतलं. एक बोट सैल करायची, आमच्याकडे बघायची, विचार बदलायची, पुढच्या बोटाकडे वळायची. हॉलमध्ये हसणं होतं ते थांबलं. शेवटी मोजा हातातून सुटला तेव्हा खाली एक साधा, सुरकुतलेला, डाग पडलेला हात होता, आणि मी जन्मात पहिल्यांदा हात बघितल्यासारखी त्याच्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला कळेना. आज कळतं. त्या बाईने कशाचीच माफी मागितली नव्हती. पोटाची नाही, गुडघ्याची नाही, वेळ घेतल्याची तर नाहीच. आमच्या घरात बाथरूममध्ये बाबांच्या दाढीपुरता आरसा होता. त्यात मी गळ्यापर्यंत दिसायचे, आणि खालचं झाकायचं असतं एवढंच मला ठाऊक होतं.

पुढच्या सोमवारी मी ऑफिसच्या वाटेवर लोकरीचा हातमोजा एकेका बोटाने काढत चालले होते. एक कुत्रा थांबून बघत राहिला. पहिला प्रेक्षक.

दर गुरुवारी मी डोरीनकडे जायला लागले. पासपोर्टवर कायमच्या वास्तव्याचा शिक्का बसला, आता कोणाच्या नोकरीवर माझं इथं राहणं अवलंबून नव्हतं, आणि काही महिन्यांनी मी राजीनामा दिला. मॅनेजरने विचारलं, दुसरी ऑफर आहे का? मी खरं सांगितलं. तो म्हणाला की त्याला लहानपणी जादूगार व्हायचं होतं. असं काही होईल याची मी तयारीच केली नव्हती.

घरी मात्र काही सांगितलं नाही. दर रविवारच्या फोनवर ऑफिस चालूच राहिलं. बाबा विचारायचे, काम काय म्हणतंय, मी म्हणायची, चाललंय. फोनवर खोटं बोलणं जमत होतं, समोर बसून जमलं नसतं, म्हणून दोन वर्षं घरी गेलेच नाही. कधी रजा नाही म्हटलं, कधी प्रोजेक्ट. माणसाने घर सोडलं तरी घर राहतं, असं आपण म्हणतो. पण ज्या दारातून आत जायला आपल्याला दुसरंच कोणीतरी व्हावं लागतं, ते दार बंद झाल्यातच जमा असतं. मला ते दार हवं होतं आणि डोरीनचा हॉलही हवा होता.

त्यात पहिलं वर्ष मी वाईट काम केलं. पिसांचे पंखे, कमरेला आवळलेला कॉर्सेट, सगळं डोरीनसारखं. लोक सभ्यपणे टाळ्या वाजवायचे, इंग्रज लोक पावसालाही वाजवतील तशा. एक दिवस डोरीन म्हणाली, "तू छान मी होतेस. पण मी आहेच की. तुमच्या घरातल्या बायका कोणत्या कामाला भरपूर वेळ लावायच्या?"

मला एका क्षणात लग्नघराची आतली खोली दिसली. दार लावलेलं, बाहेर सगळे खोळंबलेले, आणि आई गुडघ्यांवर बसून नवरीच्या निऱ्या घालते आहे, कोणाच्या बापाची घाई नसल्यासारखी.

मी फोन केला. म्हटलं, मंडळाच्या कार्यक्रमात नऊवारी नेसायची आहे. आईला इतका आनंद झाला की मला शरम वाटली. स्पीकरवर फोन ठेवून तिने मला गाठ, निऱ्या, काष्टा, पदर असं सगळं पायरीपायरीने सांगितलं, आणि वर पंधरा दिवसांत इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून स्वतःची जांभळी नऊवारी पाठवली, हिरव्या काठांची. मी वेम्बलीला ईलिंग रोडवरून टिकल्या आणि जर आणली. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "किसकी शादी है?" मी म्हटलं, मेरीच समझो. त्या सोनेरी टिकल्यांचा अंगाबरोबर बसणारा पोशाख मी आतून घालायला शिवला, आणि नऊवारीला खांद्याशी नि काष्ट्याशी टिचबटणं लावली, म्हणजे ठेक्यावर बरोबर सुटावी.

ती नऊवारी लोकांना आवडली. नऊ वार कापड उलगडायला वेळ लागतो, आणि तो वेळ लोक माझ्याबरोबर श्वास धरून बसायचे. मला कामं मिळू लागली. मी लंडनमध्ये ईलिंगला राहायला आले. आणि आईचा सहा महिन्यांचा व्हिसा झाला.

विमानात इतके तास बसणं जमणार नाही म्हणून बाबा आले नाहीत. आई एकटी आली, बांगड्यांत पिना घेऊन. मी ठरवलं होतं, पहिल्याच दिवशी सांगायचं. नाही सांगितलं. आठवडाभर मी 'घरून काम' केलं. आठव्या दिवशी मी बाजारातून आले तर आई पलंगावर बसली होती, मांडीवर जांभळी नऊवारी.

"माझ्या लुगड्याला टिचबटणं कोणी लावली?"

मी सांगितलं. सगळं, डोरीनच्या मोज्यापासून. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आणि आत?" मी तो टिकल्यांचा पोशाख दाखवला. तिने तो हातात घेतला, उलटा करून शिवण बघितली, आणि ठेवून दिला. मग चार दिवस ती बोलली नाही. पोळ्या केल्या, खिडक्या पुसल्या, माझे ब्लाउज उसवून पुन्हा शिवले. बाबांचा फोन आला की मी कान देऊन उभी राहायची, पण ती म्हणायची, "बरी आहे. जेवते." पाचव्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "पुढचा खेळ कधी आहे? मी येणार. बघितल्याशिवाय ह्यांना काय सांगू?"

खेळ रविवारी दुपारी होता, त्याच ब्लेचलीच्या हॉलमध्ये. टेबलांवर चहा, स्कोन, जॅम, आणि मध्ये आमचे कार्यक्रम. आईला मी आत, आमच्या कपडे बदलायच्या खोलीत नेलं. डोरीन गाऊन उघडा टाकून भुवया रंगवत बसली होती. तिने उठून आईला स्वतःची खुर्ची दिली. आईने तिच्या पोटावरचा आडवा व्रण बघितला आणि मला विचारलं, "हिचीही पिशवी काढली आहे का?" मी इंग्रजीत विचारलं. डोरीनने होकाराची मान हलवली. आईने स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला. दोघी एकमेकींकडे बघून जरा हसल्या. ती ओळख मी करून देऊ शकले नसते.

मी नऊवारी नेसून उभी राहिले. आई बघत होती. आणि सवयीने, अगदी सवयीने, तिने विचारलं, "पिन लावलीस का?"

"इथे पिन लावत नाहीत, आई. अडकते, टोचते."

"मग पडेल ना."

"पडायलाच हवी."

मला वाटलं, आता ती उठेल आणि जाईल, आणि मी तशीच स्टेजवर जाईन, आणि चिंचवडला पुन्हा कधीच जाणार नाही. ती उठली. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, जशी नवरीसमोर बसायची तशी, आणि मी खोचलेल्या निऱ्या खसकन बाहेर ओढल्या. "कोंबल्या आहेस. गोळा होऊन पडतील," ती म्हणाली. "पडायचीच असेल तर नीट पडू दे." आणि ज्या हातांनी आयुष्यभर काहीही सुटू दिलं नव्हतं, त्या हातांनी एकेक निरी अशी घातली की ती एकेक करून सुटावी. तिच्या केसांतला पांढरा भांग मला वरून दिसत होता.

त्या दिवशी नऊवारी जशी सुटली तशी त्याआधी कधी सुटली नव्हती. निऱ्या एकापाठोपाठ एक, घाई न करता, पाणी उतरावं तशा उतरल्या. मला काही करावंच लागलं नाही. मी फक्त उभी होते आणि माझ्या आईचं काम लोकांना दिसत होतं.

आत आले तर आई पडद्यामागे होती. मी विचारलं, बघितलंस? म्हणाली, "तुझ्याकडे नाही बघितलं. तेवढं मला झालं नाही. मी लोकांकडे बघत होते." मग थोड्या वेळाने, "कुणी वंगाळ हसलं नाही गं. पुढच्या टेबलावर एक म्हातारा कप हातात धरून बसला होता. प्यायचंच विसरला." हे ती अशा आवाजात म्हणाली की देवळातून आल्यावर सांगावं.

मग आम्ही नऊवारीची घडी घातली. ती एकटीला नीट येत नाही. एक टोक तिने धरलं, एक मी, आणि त्या अरुंद बोळात, पंख्यांच्या पेट्यांमधून वाट काढत आम्ही एकमेकींकडे चालत आलो. मी टोकं तिच्या हातात दिली तेव्हा ती म्हणाली, "दिवाळीला ये. ह्यांना मी सांगते."

तिने सांगितलं. बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, हेही खरं आहे. मावशी अजून बोलत नाही. त्या दिवाळीला मी गेले तेव्हा बाबांनी दार उघडलं, माझ्या हातातली बॅग घेतली, कुलूप ओढून बघितलं आणि आत गेले. फराळाच्या ताटावर ते माझ्याशी शब्द बोलले नाहीत, पण मी त्या ताटावर मी म्हणून बसले होते. कोणताही प्रोजेक्ट सांगावा लागला नाही. इतक्या वर्षांत चकली इतकी खुसखुशीत लागली नव्हती.

घर म्हणजे काय, असं मला इकडच्या मुलाखतीत कधीकधी विचारतात, आणि मी काहीतरी गोड उत्तर देते. खरं उत्तर असं आहे की खेळ असला की दुपारी चिंचवडहून फोन येतो. मागे बाबांचा टीव्ही चालू असतो, आणि फोन आला की तो जरा हळू होतो. आई इकडचं तिकडचं बोलते, भाव, हवा, कोणाच्या मुलीचं जमलं. आणि ठेवायच्या आधी, न चुकता, विचारते:

"सगळं तपासलंस ना? एखादी पिन राहिली नाही ना कुठे?"